बागायती शेताचा नकाशा : काठीपासून उपग्रहापर्यंत

बागायती शेताच्या नकाशाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. शेत कुठून कुठपर्यंत आहे, त्यातली माती कोणत्या प्रतीची आहे, आणि चालू हंगामात कुठल्या तुकड्यात कोणते पीक पाण्यावर उभे आहे. शेती-व्यवस्थापनाच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ही उत्तरे एकावर एक ठेवलेल्या थरांसारखी एकाच पडद्यावर दिसतात. महाराष्ट्रात मात्र ही माहिती शतकानुशतके वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या कारणांसाठी गोळा होत आली. हद्द मोजली ती सारा ठरवण्यासाठी, मातीची प्रत लावली तीही साऱ्यासाठीच, आणि पाण्यावरचे पीक लिहून घेतले ते मुख्यतः पाणीपट्टीसाठी. शेती करणाऱ्या माणसालाही आपल्या कामासाठी नकाशा लागतो, हा विचार सरकारी दप्तरात फार उशिरा आला.

सतराव्या शतकात शिवकालीन जमीनमोजणी काठीने होई. पाच हात आणि पाच मुठी एवढी काठीची लांबी. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, असे हे कोष्टक होते. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या धारेबंदीचा, म्हणजे साऱ्याच्या आकारणीचा, पाया हीच मोजणी होती. या मोजणीतून क्षेत्र कळे, पण शेताचा आकार कागदावर उतरत नसे. हद्द ओळखायची ती शिवेचा दगड, ओढा, झाड आणि लगतच्या शेतकऱ्याचे नाव यांवरून. पाण्याची नोंद मात्र तेव्हाही वेगळी होत असे. विहिरीच्या मोटेवर भिजणारी जमीन मोटस्थळ आणि बंधाऱ्याच्या पाटावर भिजणारी जमीन पाटस्थळ. जिराईत आणि बागाईत या मोठ्या भेदाच्या पोटातला हा भेद साऱ्याच्या दरात दिसत असे, कारण मोटेच्या पाण्यामागे बैलांचे आणि माणसांचे श्रम होते, तर पाटाचे पाणी उताराने येत होते.

पाण्याखालच्या पिकाचे पट्टे आखण्याची खरी जुनी पद्धत खानदेशात आणि बागलाणात सापडते. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली ही फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा कालवा, कालव्याला फुटणाऱ्या चाऱ्या, चाऱ्यांतून एकेका शेताला पाणी नेणारे सारंग आणि जास्तीचे पाणी बाहेर काढणारे सांडम, अशी तिची रचना. कालव्याखालची सगळी जमीन तीन किंवा चार फडांत विभागलेली असे. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गाव मिळून ठरवी. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी विखुरलेली असे. त्यामुळे एखादा फड पाण्यावाचून राहिला तरी त्याचा तोटा कुणा एकाच घरावर येत नसे.

या व्यवस्थेचे महत्त्व नकाशाच्या दृष्टीने पुरेसे ओळखले गेलेले नाही. मालकीची हद्द आणि पिकाची हद्द या दोन वेगळ्या रेषा आहेत, हे फडाने फार पूर्वी मान्य केले होते. बांध मालकाचा आणि फड पाण्याचा. एका फडात अनेकांचे बांध आणि एका माणसाचे शेत अनेक फडांत, अशी ही गुंतागुंत पाटकरी तोंडपाठ ठेवत असे. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याची, त्यांच्यावर हवालदार आणि सगळ्यांवर पंच. कागदावर फारसे काही नसतानाही पाळी चुकत नसे, कारण एका फडातले एकच पीक एकाच वेळी पाणी मागते. ज्याला आज पीक-विभाग म्हटले जाते, त्याचा पाया हाच आहे. एका वेळी, एका मार्गाने, एका प्रमाणात पाणी लागणारी जमीन एकत्र बांधायची.

इंग्रजी अमलात कागदाचे राज्य सुरू झाले. पेशवाई संपल्यावर 1820 च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी पुणे-अहमदनगर भागात पहिली मोठी पाहणी केली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या 55 टक्के सारा बसवायचा, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो काटेकोर दिसत होता. प्रत्यक्षात मोजण्या सदोष निघाल्या, उत्पन्नाचे आकडे कुणाला नीट काढता आले नाहीत आणि साऱ्याच्या ओझ्याने इंदापुरासारख्या तालुक्यात लोक जमिनी टाकून निघून गेले.

त्याच इंदापूर तालुक्यात 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्याने काम हाती घेतले. त्यातून उभी राहिलेली पद्धत 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली आणि ती मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. सर्व्हे नंबर हा तिचा घटक. एका बैलजोडीच्या मेहनतीत बसेल एवढ्या जमिनीचा एक नंबर धरावा, असे तत्त्व होते, त्यामुळे हलक्या जमिनीचे नंबर मोठे आणि भारी जमिनीचे लहान पडले. मोजणी 33 फुटांच्या साखळीने होई आणि साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. महाराष्ट्रातला शेतकरी आजही गुंठ्यात बोलतो, तो या साखळीमुळे.

मोजणी करणारा आधी शेतातून एक सरळ रेषा धरत असे. मग शंकू या काटकोन साधण्याच्या साधनाने त्या रेषेवर काटकोन धरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर तो लिहून घेई. या अंतरांसकट हाताने काढलेली आकृती म्हणजे टिपण. टिपण प्रमाणात काढलेले नसते. त्यात खरे असतात ते आकडे, आणि आकड्यांवरून शेताचा आकार पुन्हा जमिनीवर उभा करता येतो. प्रमाणातला गावनकाशा नंतर वेगळा तयार होई. जमिनीवर हद्दीचे दगड आणि मातीच्या वरोळ्या घालून ही रेषा दाखवली जाई. ही टिपणे कापडासारखी विरली तरी भूमिअभिलेख कार्यालयांत जपून ठेवली आहेत, आणि बांधाच्या वादात अजूनही तीच उघडावी लागतात.

विंगेट यांच्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र प्रतबंदीचा आहे. मातीचे तीन वर्ग आणि खोलीनुसार नऊ प्रती ठरवलेल्या होत्या. प्रत लावणारा शेताची आकृती काढून तिचे सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात मातीची खोली पाही आणि त्या त्या चौकटीत ती खुणांनी नोंदवी. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी साचणे अशा प्रत्येक दोषाला वेगळी खूण असे आणि दोषागणिक प्रत उतरे. सगळ्या चौकटींची सरासरी काढून शेताच्या प्रतीचे आणे ठरत. एकाच शेतात माती जागोजागी बदलते, हे मान्य करून तिचा चौकटीवार नकाशा काढण्याचे हे काम 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाले. आज मातीचे नमुने जाळीच्या पद्धतीने घेऊन सॉफ्टवेअरमध्ये रंगीत विभाग पाडतात, तेव्हा घडते ते हेच. फरक हेतूत होता. चौकटींमधला बारकावा सरासरीत विरघळून गेला आणि शेतकऱ्याच्या हाती राहिला फक्त साऱ्याचा आकडा. आपल्या शेताचा कुठला कोपरा उथळ आहे, हे त्याला अर्थातच आधीपासून माहीत होते. सरकारने ते लिहून घेतले, पण त्याच्या उपयोगासाठी नव्हे.

मोजणीकडे लोक संशयाने पाहत आणि त्याला कारणे होती. 1852 मध्ये खानदेशात यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला आणि तो मोडायला फौज आणावी लागली. साखळी घेऊन आलेला माणूस वाढीव सारा घेऊन येतो, ही भावना त्यानंतरही कित्येक पिढ्या टिकली. नकाशाविषयीचा अविश्वास ग्रामीण महाराष्ट्रात अज्ञानातून आला असे म्हणणे अन्यायाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे कालवे आले. मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले आणि त्यापाठोपाठ 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून वाहू लागला. विंगेट यांनी जिची प्रतबंदी केली होती, त्याच जमिनीवर आता पाणी पोचले. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्याच्या पाण्याचा कारभार बांधून दिला. पाण्यासाठी अर्ज, मंजुरी, भिजलेल्या क्षेत्राची मोजणी आणि पिकावर पट्टी, अशी साखळी तयार झाली. पाणी मोजण्याची सोय नव्हती, म्हणून पीक मोजायचे. उसाला जास्त दर, ज्वारीला कमी. महात्मा फुले यांनी 1883 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटबंधाऱ्याच्या कारभारावर कडक टीका आहे. पट्टी वसूल होते, पण ज्याला जेवढे हवे तेवढे पाणी मोजून मिळण्याची व्यवस्था नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. क्षेत्रावर आकारणी आणि पाण्याचे माप नाही, हा दोष पुढे सव्वाशे वर्षे तसाच राहिला.

कालव्याच्या पाण्यावर लोक उसाकडे वळले आणि पाणी वरच्या भागातच संपू लागले. या प्रश्नातून ब्लॉक पद्धत जन्मली. तिचे कर्ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्यातल्या नोकरीच्या सुरुवातीला, 1884-85 च्या सुमारास, पांझरेच्या खोऱ्यात एका पाटासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांनी केले होते. म्हणजे फडाच्या मुलखातच त्यांची उमेदवारी झाली. 1901-03 च्या पाटबंधारे आयोगाच्या चर्चेनंतर त्यांनी नीरा कालव्यावर ही पद्धत सुरू केली. ब्लॉक म्हणजे पाण्यासाठी ठरावीक वर्षांकरिता मंजूर केलेला जमिनीचा आखीव तुकडा. त्यातल्या एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी उसाचा भाग फिरता ठेवायचा. सुरुवातीला याला विरोध झाला. पण कालव्याचे पाणी जास्त गावांना वाटले जाऊ लागले आणि शेतकऱ्याला पुढची काही वर्षे पाण्याची खात्री मिळाली, हे तिचे यश नाकारता येत नाही.

फड आणि ब्लॉक यांची तुलना करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. दोन्हींत फिरते पट्टे आहेत, उसावर मर्यादा आहे. पण फडाची रेषा गावाने आखली आणि गावाने राखली. ब्लॉकची रेषा कार्यालयात आखली गेली आणि ती राखायला कालवा निरीक्षक नेमावा लागला. जिथे देखरेख ढिली पडली तिथे ब्लॉकबाहेरचे भिजवणे वाढले आणि कागदावरचे क्षेत्र व प्रत्यक्षातले क्षेत्र यांत अंतर पडत गेले.

अतिपाण्याचा परिणाम जमिनीवर लवकरच दिसला. नीरेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 मध्ये या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखाली भूजलाची पातळी, निचरा आणि मातीचे थर यांचा शोध घेतला. कालव्याच्या लाभक्षेत्रातली कोणती जमीन उसाला द्यावी आणि कोणती देऊ नये, हे मातीच्या आणि निचऱ्याच्या नकाशावरून ठरवावे, असा आग्रह या कामातून पुढे आला. सारा सोडून जमिनीच्या आरोग्यासाठी नकाशा काढण्याची महाराष्ट्रातली ही पहिली गंभीर सुरुवात होती, आणि तिला मिळाले त्यापेक्षा खूप जास्त श्रेय मिळायला हवे. बारामतीपासून सांगलीपर्यंत चोपण पडलेली जमीन पाहिली की तो आग्रह किती रास्त होता हे पटते.

दरम्यान गावपातळीवर तलाठ्याच्या दप्तरात पिकाची नोंद चालू होती. गाव नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा पिकांचा. दोन्ही मिळून सात-बारा. बाराच्या रकान्यांत पीक मिश्र की निर्भेळ, जलसिंचित की अजलसिंचित, पाण्याचे साधन कोणते, हे सगळे विचारलेले असते. म्हणजे बागायती पिकाच्या नकाशाला लागणारी जवळजवळ सगळी माहिती या एका पानावर आहे. नाही ती फक्त जागा. गटाच्या चार हेक्टरांपैकी चाळीस आर ऊस आहे एवढे कळते, पण तो विहिरीकडच्या बाजूला की ओढ्याकडच्या, हे कळत नाही. पाटबंधारे खात्याच्या मोजणीपुस्तकात वेगळे क्षेत्र, तलाठ्याच्या नोंदीत वेगळे आणि साखर कारखान्याच्या ऊसनोंदीत तिसरेच, असे एकाच शेताचे तीन आकडे सर्रास सापडत. तिन्ही नोंदी आपापल्या कामापुरत्या होत्या आणि एकमेकींशी त्यांची गाठ पडत नसे.

1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांच्या जागी गट आले. विखुरलेले तुकडे एकत्र करून एकेकाला सलग जमीन द्यावी, हा हेतू चांगला होता. पण कितीतरी गावांत एकत्रीकरण कागदावर झाले आणि वहिवाट जुन्याच बांधांवर राहिली. त्यातच पिढ्यागणिक वाटण्या झाल्या. एका गटात भावाभावांचे पाच-सहा हिस्से, प्रत्येकाचे नाव सात-बारावर, पण नकाशात गटाची बाहेरची रेषाच काय ती दाखवलेली. पोटहिश्श्याची मोजणी झालेली नसेल तर आतले बांध सरकारी नकाशाला ठाऊकच नसतात. आजच्या सॉफ्टवेअरपुढची सर्वांत मोठी अडचण इथे आहे आणि ती यंत्राने सुटणारी नाही.

पाण्याच्या कारभारात निर्णायक वळण आले ते नाशिक जिल्ह्यात. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला, ओझर परिसरात, पाणी पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने 1990 च्या आसपास तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी घनमापाने मोजून घेतले आणि सभासदांमध्ये वाटण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. पुढे सगळा प्रकल्पच संस्थांच्या हाती आला. 2005 च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने ही वाट राज्यभर खुली केली. खात्याने संस्थेला पाणी मोजून द्यायचे, आणि त्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे. मग पिकाची मोजणी खात्याची गरज उरत नाही. ती शेतकऱ्याची आणि संस्थेची गरज बनते. मिळालेल्या कोट्यात किती द्राक्ष, किती गहू, किती भाजीपाला बसेल, हे आधीच कळायला हवे. वाघाडच्या परिसरात द्राक्षाची आणि ठिबकाची वाढ झाली तिच्यामागे पाण्याची ही खात्री होती.

ठिबकाने शेताच्या आतली रेषा पुन्हा बदलली. पाटाने भिजवताना शेताचे विभाग सारे-वाफ्यांनी पडत आणि दारे धरणारा माणूस ते पायाने ओळखत असे. ठिबकात विभाग पडतो व्हॉल्व्हने. एका व्हॉल्व्हखाली जेवढी जमीन, तेवढी एकाच वेळी भिजते आणि तिला खतही एकाच वेळी जाते. म्हणून एका व्हॉल्व्हखाली एकच पीक, एकच वाण आणि एकाच वेळची लागवड ठेवावी लागते. नाशिकचा द्राक्षबागायतदार आपल्या बागेचे प्लॉट छाटणीच्या तारखेवरून सांगतो, सोलापूर-सांगोल्याचा डाळिंबवाला बहारावरून. अंबिया, मृग किंवा हस्त बहार धरलेल्या दोन शेजारच्या प्लॉटांचे पाण्याचे वेळापत्रक पूर्ण वेगळे असते, जरी दोन्ही एकाच गटात आणि एकाच मालकाचे असले तरी. सॉफ्टवेअरमध्ये पीक-विभाग आखताना गटाच्या हद्दीवर थांबणारा माणूस इथे चुकतो. व्हॉल्व्हची हद्द धरली तर नकाशा कामाला येतो.

आकाशातून शेत पाहण्याची सुरुवात 1972 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाने झाली. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे 80 मीटर बाजूचा होता, म्हणजे जवळजवळ 64 आर. महाराष्ट्रातले अल्पभूधारकाचे शेत त्यात दिसणे शक्यच नव्हते. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए मार्च 1988 मध्ये गेला, तेव्हा ठिपका 72 आणि 36 मीटरांवर आला. त्याच सुमारास नागपूरला राज्याचे दूरसंवेदन केंद्र उभे राहिले आणि पाणलोट, पडीक जमीन, कालव्यांची लाभक्षेत्रे यांचे नकाशे तयार होऊ लागले. जिल्ह्याला आणि तालुक्याला ते पुरेसे होते, बांधाला नव्हते.

बांधापर्यंत पोचायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या उपकरणाला काही मीटरांच्या आत आपली जागा कळू लागली. आणि 2015 मध्ये युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह आला. त्याचा ठिपका 10 मीटर बाजूचा, म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक आर. विंगेट यांच्या साखळीचा गुंठा 101 चौरस मीटरांचा. इंदापुरात साखळीने पाडलेला चौकोन आणि उपग्रहाच्या चित्रातला चौकोन जवळजवळ एकाच मापाचे निघाले. शिवाय ही चित्रे दर पाच दिवसांनी आणि विनामूल्य मिळतात.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक काढला जातो. रब्बीत आणि उन्हाळ्यात हा निर्देशांक बागायती क्षेत्र चांगले दाखवतो, कारण एप्रिल महिन्यात दख्खनच्या पठारावर जे हिरवे आहे ते पाण्यावरच आहे. खरिपात तो फसतो. पावसात सगळेच हिरवे, त्यात ढगांमुळे कित्येक आठवडे जमीन दिसतच नाही. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांच्या चित्रांतून पीक ओळखणे अधिक कठीण असते. लहान शेताची अडचण वेगळी. वीस गुंठ्यांचे शेत उपग्रहाच्या जेवढ्या ठिपक्यांत येते, त्यांतले निम्म्याहून अधिक ठिपके बांधाला टेकलेले असतात. त्यांत बांधावरच्या बाभळी-लिंबाचा हिरवेपणा, शेजारच्याचा ऊस आणि पायवाटेची माती मिसळते. म्हणून अशा शेतावरचा तांबडा डाग पाहून पिकाला पाणी कमी पडले असे ठरवण्यापूर्वी तिथे जाऊन पाहणे भागच असते.

शेताच्या नकाशाचा व्यवहारी उपयोग आधी व्यापाराने घडवला. युरोपात द्राक्षे पाठवताना औषधांचे अंश मर्यादेत आहेत हे सिद्ध करावे लागे, त्यासाठी 2006 च्या सुमारास ग्रेपनेट ही व्यवस्था आली आणि निर्यातीचा प्रत्येक प्लॉट नोंदला जाऊ लागला. पेटीवरून प्लॉटपर्यंत मागे जाता येऊ लागले. साखर कारखान्यांत पूर्वी चिटबॉय शेतावर येऊन पावलांनी किंवा टेपने उसाचे क्षेत्र घेई आणि लागवडीची तारीख लिही, कारण तोडणीचा क्रम त्या तारखेवर ठरतो. आता अनेक कारखान्यांचे कर्मचारी मोबाइल घेऊन उसाच्या कडेने फिरतात आणि क्षेत्र आपोआप निघते. फिरताना कोपरे न चुकवणे आणि आकाश मोकळे असेल तिथे थांबून बिंदू घेणे, एवढी काळजी घेतली तर हे क्षेत्र कामापुरते बरोबर येते. उंच उसाच्या आत शिरून बिंदू घेतला की चूक वाढते.

सरकारी नोंदीतला मोठा बदल ई-पीक पाहणीने झाला. काही तालुक्यांतल्या प्रयोगानंतर 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर लागू झाली. तलाठ्याने भरायचा बारावा नमुना आता शेतकरी स्वतः मोबाइलवर भरतो, पिकाचे छायाचित्र काढतो आणि त्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. तलाठी काही नोंदींची पडताळणी करतो. इतक्या जुन्या नोंदीला प्रथमच जागा मिळाली, आणि तीही शेतकऱ्याच्या हातून. यातल्या उणिवा खऱ्या आहेत. डोंगराळ गावांत संपर्क मिळत नाही, वयस्कर खातेदाराला दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, आणि एका छायाचित्राचा बिंदू म्हणजे पिकाची हद्द नव्हे. तरीही विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी या सगळ्यांसाठी ज्याचे पीक त्याचीच नोंद, हा बदल योग्य दिशेचा आहे.

पाण्याचे साधन मात्र अजून नकाशाबाहेरच राहते. सामाईक विहिरीत दोन आणे-चार आणे हिस्सा असतो आणि पाळी वारांवर ठरते. सात-बाराच्या इतर हक्कांत कधी तो लिहिलेला असतो, कधी फक्त तोंडी चालतो. कोल्हापूर-सांगलीकडे नदीवरून उपसलेले पाणी कित्येक किलोमीटर नळाने येते. शेताचा चौकोन अचूक काढला, पण त्याला पाणी कुठून, किती दिवसांनी आणि कुणाच्या पाळीत येते हे जोडले नाही, तर तो बागायती शेताचा नकाशा ठरत नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये विहीर, नळवाट, व्हॉल्व्ह आणि पाळीचा वार नोंदवण्याची सोय असते. ती न भरता ठेवणे ही फार मोठी हानी आहे.

हद्दीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. मोबाइलवर फिरून काढलेली किंवा उपग्रहाच्या चित्रावर आखलेली रेषा नियोजनासाठी चालते, मालकीचा पुरावा म्हणून चालत नाही. हद्द ठरते ती भूमिअभिलेख खात्याच्या मोजणीने. ती लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन केली जाते आणि तिचा नकाशा म्हणजे ‘क’ प्रत. साखळीची जागा आता उपग्रहाशी जोडलेल्या रोव्हर यंत्रांनी घेतली आहे आणि काम पुष्कळ लवकर होते. ज्या शेतकऱ्याच्या बांधाचा वाद आहे किंवा पोटहिस्सा मोजलेला नाही, त्याने आधी मोजणीचा अर्ज करावा, ‘क’ प्रत हाती घ्यावी, आणि मगच त्या हद्दीच्या आत ठिबकाचे विभाग आणि पिकांचे पट्टे आखावेत.